मेणाने बुजलेलं झाकण

पडदा वर जाण्याआधी रंगमंचावर असतो तसा पहाटेचा निळसर उजेड दोअनच्या खोऱ्यात पसरला होता. दोन्ही बाजूंना उंच कडे. पश्चिमेच्या कड्याच्या माथ्यावर ऊन टेकलं होतं आणि हळूहळू खाली सरकत होतं. ते वाटेवर उतरायच्या आत सालमीनला मधमाश्यांच्या तीस पेट्या बोरीच्या रानात, सावलीत पोचवायच्या होत्या. आणि नेमकी यसलमच्या दारातच त्याची जुनी पिकअप खोकली, अडखळली, गप्प झाली.

यसलमने चाळीस वर्षं खोऱ्यातल्या गाड्या दुरुस्त केल्या. मोतीबिंदूने डोळे अंधुकले, तशी गिऱ्हाइकं बाजारातल्या गॅरेजकडे वळली. दोन वर्षं त्याच्या गॅरेजचं दार बंदच होतं. आज तो अनवाणीच बाहेर धावला.

"काका, तिसऱ्यांदा मेली!" सालमीन रडवेला झाला होता. "वीस मिनिटं पळते, बंद पडते. विसावली की पुन्हा चालू. प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा! ऊन आलं की पेट्यांतली पोळी वितळतील, एक माशी जगायची नाही."

"अख्खं दुकान विकत घेतलंस, गाडीला काही विचारलंस का? मरते कशी? दिवा विझल्यासारखी, की गुदमरत?"

"गुदमरत. आधी जोर जातो, मग आचके देते."

"म्हणजे ठिणगी ठीक आहे. तापते?"

"काटा निम्म्यावरच असतो."

"मग ती उपाशी आहे." यसलमने कार्बुरेटरची नळी सोडून टोकाखाली पेला धरला. "मार चावी."

पेल्यात बोट घातलं. जेमतेम चार थेंब.

खिडकीतून त्याची बायको मुज्ना ओरडली, "अहो, दिसत नाही तुम्हाला! जाऊ द्या त्याला बाजारात!"

"बाजार उघडेस्तोवर मधाचं सरबत होईल!"

ऊन कड्याच्या निम्म्यावर आलं. यसलम गाडी चाचपत मागे गेला. टाकीच्या झाकणावर बोटं थांबली. काहीतरी जाड, गुळगुळीत. नखाने खरवडून त्याने हुंगलं.

"मेण?"

"पेट्रोलच्या वासाने माश्या पिसाळतात, काका. म्हणून झाकण लिंपून टाकलं."

यसलमने चाकूने मेण फोडलं, झाकण फिरवलं. सुस्स करून टाकीने इतका लांब श्वास आत ओढला, की खिडकीतल्या मुज्नालाही तो ऐकू गेला.

"पेट्रोल जातं त्या जागी हवा नको यायला? झाकणाचं बारीक भोक तूच बुजवलंस. माश्यांना हवेसाठी जाळी लावतोस, आणि हिचं नाक दाबून धरतोस होय रे, शहाण्या?"

मुज्नाने न सांगता सुई आणून दिली. भोक मोकळं झालं, नळी बसली, चावी फिरली. इंजिन एकदा खोकलं आणि मग एका लयीत घुमू लागलं.

"पण वासाचं काय, काका?"

"तेवढा सोसतील. मेलेल्या माशीला वाससुद्धा येत नाही. पळ! रानात शिरलास की हॉर्न दे, खोरं मला ऐकवेल."

गाडी गेली. यसलम दारातच उभा राहिला, कान तिच्या मागे. वीस मिनिटं झाली. पंचवीस. घुमणं बारीक होत गेलं, पण अडखळलं नाही. मग नुसती शांतता. उन्हाची कड त्याच्या अनवाणी पायांपाशी आली, आणि दूरवरून, कड्याकड्यावर आपटत, तीन लांब हॉर्न आले.

यसलमने दोन्ही हात वर केले.

"चहा पार गार झाला," मुज्ना डोळे पुसत म्हणाली.

"गारच दे. आणि गॅरेजची किल्ली आण, ते दार उघडायचंय."