निर्णायक मत

एका मंगळवारी सर वारले. त्या दिवशी परतवाड्याच्या कॉलेजात माझा तास होता. तो घेतला आणि मग बसने अकोल्याला गेले.

अकोल्याच्या कॉलेजात सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवत. मुलं त्यांना ‘लंडनचे सर’ म्हणत. सर स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण ब्रिटनच्या निवडणुकीबद्दल ते असं बोलत, की ती शेजारच्या तालुक्यात होते असं वाटावं. "तिथं हारलेला गडी जिंकलेल्याच्या बाजूले मंचावर उभा राह्यते, निकाल आयकते, हात मिळवते न घरी जाते. आपल्याकडचा मोजणी संपायच्या आधीच गायब!"

दरवर्षी ते वर्गात निवडणूक घेत. प्रत्येक बाक म्हणजे एक मतदारसंघ. एका वर्षी आमच्या वर्गातल्या विठ्ठलच्या पक्षाला सर्वांत जास्त मतं पडली, पण बाक कमी मिळाले. तो भडकला. "सर, मतं मले जास्त अन् सरकार याचं? काहून?"

"तुयावाले सारे दोनच बाकावर दाटून बसले, बापू. पुढच्या खेपीले पांगवून बसव."

विठ्ठलला त्यांनी मंचावर उभं करून हात मिळवायला लावलाच.

शिक्षण संपल्यावर जुन्या शहरातल्या त्याच कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवू लागले. तास मिळाला तर पगार, सुट्टी लागली की काही नाही. राज्यशास्त्राचं एम.ए. सुरू झालं, तर एक कायम जागा निघणार होती. त्याचा प्रस्ताव सरांनीच लिहिला. मी शेजारी बसून पानं लावली.

शिक्षकांच्या बैठकीच्या दिवशी प्राचार्य रजेवर होते, म्हणून अध्यक्षपद सरांकडे आलं. मतं समसमान पडली. निर्णायक मत अध्यक्षांचं. सरांनी कोणाकडे न पाहता हात वर केला, तो प्रस्तावाच्या विरोधात.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "सर, लिहिला तर तुमीच ना?"

"लिहिला तवा मास्तर होतो. आता खुर्चीवर होतो. तिथल्या संसदेतला स्पीकर आपल्या मतानं बहुमत तयार करत नाई, पोरी. अर्ध्या लोकाईले पटलं नाई, तर आहे तेच राह्यते. पुढच्या वर्षी एक मत जोडून आणू."

"अन् तवरक मी काय खाऊ? हे काय लंडन आहे?"

सर बसस्टँडपर्यंत माझ्यासोबत चालत आले. मी मागे वळून पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात मला परतवाड्याला नोकरी लागली. पुढच्या वर्षी, अर्थशास्त्राच्या मॅडमच्या घरी तीनदा जाऊन सरांनी ते एक मत जोडलं. प्रस्ताव मंजूर झाला. त्यांचा फोन आला, "जाहिरात निघाली. अर्ज टाक."

मी "बघते" म्हणाले आणि अर्ज केला नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्यानंतर आम्ही लग्नकार्यात भेटायचो. सर नव्या पुस्तकांची चौकशी करत, मी उत्तरं देई. त्या मताचा विषय दोघांनीही काढला नाही.

त्यांचं ते मत मला अजून चुकीचं वाटतं. ते ऐकून वाद घालणारं आता कोणी नाही.