उघडा पडलेला चर

डोंगरावरची खाण बंद पडली, तरी तिच्यातून पाणी येतच राहिलं. आंबट, लोखंड विरघळलेलं; उघड्यावर आलं की तांबडं होणारं. ते खाडीत जिथे उतरे, तिथल्या तिसऱ्यांची शिंपलं इतकी पातळ झाली की बोटांत चुरा व्हायचा. शेजारच्या वहिनींचं घर त्या तिसऱ्या वेचून विकण्यावर चालायचं.

म्हणून गावाने चर खणला. त्यात चुनखडीचे दगड, वर जाड प्लास्टिक, त्यावर चिकणमाती. हवा लागली नाही तर चुनखडी पाण्यातला आंबटपणा मारते. हवा लागली की तिच्यावर गंजाचा थर चढतो आणि मग तो नुसता दगड. चरातून पाणी तळ्यात यायचं, तिथे गंज खाली बसायचा, आणि पाणकणसाच्या उंच गवतातून निवळून ते खाडीला मिळायचं. मोटर नाही, वीज नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं, म्हणून आंबटपणा मोजायची कागदी पट्टी बुडवून रंग पाहायचं काम माझ्याकडे. रंग सुधारत होता.

मग उद्घाटन ठरलं; जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते.

"मास्तर, साहेबांना काय मातीचा ढीग दाखवू?" सरपंच म्हणाले. "फोटोत काम दिसाय नको?"

मी हवेचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दहा हात चर उघडायला लावला. पांढऱ्या दगडांवर झेंडूच्या माळा चढल्या. साहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

तिसऱ्या सकाळी वहिनींनी दगडावर बोट फिरवलं. बोट नारिंगी झालं.

"मास्तर, आता ओ?"

"थर ओला आहे तोवर निघेल. सुकला की संपलं."

"मंग झाका की!"

"सरपंच म्हणतात, अकराला साहेबांची गाडी निघतेय."

"पाण्याला सांगा तसं. अकरापरेंत थांब म्हणावं."

माळा बाजूला भिरकावून त्या चरात उतरल्या आणि तिसऱ्या घासतात तसे काथ्याने दगड घासू लागल्या. मीही उतरलो. हात झोंबत होते. शेवटचं प्लास्टिक ओढतोय तोच सरपंच धावत आले, फोन कानालाच.

"साहेब पालीला दर्शन घेऊन निघालेत! काय करताय काय?" ते प्लास्टिकवरच उभे राहिले.

वहिनींनी घमेलं उचललं. "ऱ्हावा उभे. तुमच्यासकट माती टाकते."

पहिलं घमेलं बुटांवर पडल्यावर सरपंच उतरले.

साहेब दुपारी आले. मातीच्या ढिगाला हार घातला, पारदर्शक कारभारावर बोलले, गेले.

संध्याकाळी मी पट्टी बुडवली. रंग घसरला होता.

"पयल्याएवढं वंगाळ?" वहिनींनी विचारलं.

"नाही. पण तीन दिवसांपूर्वीइतकं चांगलंही नाही."

"परत चढंल?"

"आठवडाभराने कळेल."

त्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली, मला परत दिली, आणि चरावरची माती पायाने दाबू लागल्या. कडेला एक भेग राहिली होती. तिथे त्या जास्त वेळ थांबल्या.