घरचा बोकड घरच्या बकरीले नाही

"कान दाखव रे," म्हणत काका कुणाचंही पोर जवळ ओढायचे, त्याचा कान उजेडाकडे वळवून बघायचे आणि त्याच्या आजोबाचं नाव सांगायचे. बहुतेकदा बरोबर. चुकलं, तर म्हणायचे, "मी नाही चुकलो. याच्या घरच्यायलेच माहीत नाही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हे मात्र नुसतं गमतीचं बोलणं नव्हतं. वाशीम जिल्ह्यात आसेगावकडच्या ज्या उपकेंद्रात मी नर्स आहे, त्याच्या मागेच त्यांचा बकऱ्यांचा गोठा होता. दर दोन वर्षांनी ते बोकड बदलायचे. "घरचा बोकड घरच्या बकरीले नाही," हा त्यांचा नियम. नवा बोकड पार शिरपूरकडून आणायचे. एकदा एसटीत कंडक्टरने हटकलं, "काका, हे काय?" तर म्हणाले, "नवरदेव हाये. लग्नाले चालला."

सिकलसेलची माहिती द्यायचं काम माझ्याकडे. रक्ताचा हा आजार आईबापाकडून येतो, हे सांगायला मी तक्ता लावायची, बाण दाखवायची. बायका जांभया द्यायच्या. एके दिवशी ओट्यावर बसलेले काका उठले. "सिस्टरबाई, सरका जरा." आणि बायकांना म्हणाले, "काळी बकरी, काळा बोकड. पिल्लू पडलं भुरं. कुठून आलं? दोघायच्या आत लपून होतं. एकानंच दिलं असतं तर दिसलं नसतं. दोघायनं दिलं, तवा बाहेर निंगालं."

तक्ता मी गुंडाळून ठेवला. तेव्हापासून बकरीचं ते सांगायचे, माणसाचं मी. दोष एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत, पण वाहक. त्याला पिवळं कार्ड. दोघांकडून आला तर आजारी, त्याला लाल.

त्यांच्या मुलीला कॉलेजातल्या तपासणीत पिवळं कार्ड मिळालं. त्याच वर्षी मालेगावला त्यांच्या बहिणीच्या मुलालाही मिळालं. या दोघांचं लग्न पाळण्यातच ठरलेलं होतं. भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क, ही त्यांच्या घरची रीत.

मी गोठ्यातच गेले. "काका, हे लग्न करू नका. दर बाळंतपणाले चारात एक धोका राहीन. दर बाळंतपणाले."

"समजते मले."

"मंग?"

ते एका बकरीच्या खुरातला काटा काढत होते. तो काढून त्यांनी बाजूला फेकला. "बकरीले बहीन नसते, सिस्टरबाई. माय गेली तवा माही बहीन बारा वर्साची. तिनं मले कडेवर वागवलं. जलमात एकच गोष्ट मांगतली तिनं. नाही कसं म्हनू?"

"अन् पोरगी काय म्हणते?"

"तिले आत्याच पाह्यजे."

लग्न झालं. पहिला मुलगा, पिवळं कार्ड. त्याचे पेढे द्यायला ते स्वतः आले. "तुमचा चारातला एक कुठी हाये?" मी पेढा खाल्ला आणि सांगितलं, दुसऱ्या वेळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी मुलगी. लाल.

थंडी पडली की तिचे हातपाय सुजायचे. उपचारासाठी ती आईबरोबर आजोबांकडेच जास्त असायची. ते तिला खांद्यावर टाकून माझ्याकडे आणायचे, मी गोळी द्यायची आणि वाशीमला पाठवायची. कान पाहणं त्यांनी सोडून दिलं. एकदा स्वतःच बाही वर करून म्हणाले, "माहं रक्त पाहा." पाहिलं. पिवळं कार्ड हातात देताना मी म्हटलं, "तुमच्याकडून निम्मंच आलं, काका."

"निम्मं माहं," ते म्हणाले, "अन् दुसरं निम्मं माह्या बहिनीचं. दोन्ही आले एकाच चुलीपासून."

मी रजिस्टरात त्यांचं नाव लिहिलं.

नात सातव्या वर्षी गेली. त्यांनी बकऱ्या विकल्या, आणि वर्षाच्या आत तेही गेले. तसं त्यांना बीपी होतं. गोळ्या मी देत होते. ते घेत नव्हते.

तेरवीला मी गेले. बायकांत बसलेली त्यांची मुलगी आपल्या भावाला म्हणाली, "दादा, तुही पोरगी माह्या पोराले देजो."

तिचा मुलगा दहा वर्षांचा, भावाची मुलगी सहाची. मला राहवलं नाही. "अवं, तुह्या तोंडातून हे निंगते कसं? तुह्या पोराचं कार्ड पिवळं. या पोरीचं रक्त तरी पाह्यलं का कोनं?"

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "सिस्टरबाई, ज्या घरातली पोरगी या बिमारीनं मेली, त्या घरात बाहेरचं कोन पोरगी देईन? माहा भाऊच देईन."

भाऊ जमिनीकडे बघत होता. "दिली," तो म्हणाला.

पंगत बसली. सहा वर्षांची ती पोर आत्याच्या मांडीवर जाऊन बसली. आत्याने वरणात पोळी कुस्करली, फुंकर घातली आणि पहिला घास तिच्या तोंडात दिला.