शेवटच्या सहा प्लेटा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मिलीमीटरताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. प्लेटमधल्या जेलीवर जंतू पसरून वर अँटिबायोटिकची चकती ठेवली की दुसऱ्या दिवशी चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ दिसतं. तेवढ्या जागेत जंतू उगवलेले नसतात. वर्तुळ मोठं असेल तर औषध लागू पडतंय. लहान असेल तर जंतू निगरगट्ट झालेत, औषधाला दाद देत नाहीत. ही वर्तुळं मोजण्यात ताईंची सव्वीस वर्षं गेली होती. एखादा डॉक्टर घाईनं म्हणाला, "साधारण अठरा धरा," की ताई चष्म्यावरून बघत. "साधारण घरी धरा. इथे सतरा आहे."

गेले तीन महिने ताई एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगात गुंतल्या होत्या. जंतू वाढवायची दोन सारखी उबदार कपाटं. एकात वायफायचा चालू राऊटर, दुसऱ्यात तसाच पण बंद. चालू राऊटर तापतो, म्हणून बाईंनी दोन्हीकडे थर्मामीटर लावून उष्णताही सारखी राखली होती. राऊटरच्या लहरींमुळे जंतू औषधाला जुमानेनासे होतात का, एवढाच प्रश्न. आणि चारही खेपांना राऊटरच्या कपाटातली वर्तुळं तीन-तीन मिलीमीटरनं लहान आली. बाईंचा निबंध परिषदेत वाचायला निवडला गेला. त्याखाली दुसरं नाव ताईंचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार होतं. ताईंच्या बस चालवणाऱ्या नवऱ्यानं ही बातमी न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकली होती.

परिषदेला दहा दिवस राहिले असताना ताई पाचव्या खेपेच्या प्लेटा मोजायला बसल्या. राऊटरच्या कपाटातली एक प्लेट त्यांनी खिडकीच्या उजेडात आडवी धरली आणि हात तसाच थांबला. आतली जेली जाड दिसत होती. पट्टी कडेला लावली. सहा मिलीमीटरला जरा कमी. दुसऱ्या कपाटातली घेतली. चार. मग बाराच्या बारा प्लेटा त्यांनी कडेनं मोजल्या. राऊटरकडच्या सहाही जाड होत्या.

प्लेटा तर ताईंनीच ओतल्या होत्या. गरम जेलीचा चंबू घेऊन त्या बारा प्लेटा एकामागून एक भरत. पहिल्या सहा मापात. मग चंबूत थोडं जास्तच उरलेलं दिसे, आणि टाकून देणं त्यांच्या जिवावर येई. ते उरलेलं त्या शेवटच्या सहांत सारखं वाटून टाकत. शेवटच्या प्लेटा चळतीत वर असत. बाई कपाट लावताना आधी राऊटरचं लावत, अर्थातच वरच्या सहा उचलून. जेली जाड असली की औषध खालीही मुरतं, बाजूला कमी पसरतं, वर्तुळ लहान पडतं. हे ताईंनी दर वर्षी नव्या मुलींना शिकवलं होतं.

त्या दिवशी डबा त्यांनी उघडलाच नाही. बाईंसमोर दोन प्लेटा ठेवून सरळ सांगितलं. बाईंनी पट्टी घेऊन दोन्ही प्लेटा स्वतः मोजल्या.

"ताई, हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं?"

"नसतं."

"मग तुम्ही तरी कशाला लक्षात आणून दिलंत?" बाईंचा आवाज रडवेला झाला होता, पण ओठाच्या कोपऱ्यात हसूही होतं. "निबंध मागे घेऊ?"

"आधी परत करू. दहा दिवसांत तीन खेपा बसतात. ओतणार मीच, पण मापाच्या नळीनं, आणि उरेल ते सिंकमध्ये. कुठली प्लेट कुठल्या कपाटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आणि मोजताना मला नंबर दाखवायचे नाहीत. माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही."

घरी नवरा म्हणाला, "अगं, दोन मिलीमीटर जेली ती. त्यानं काय आभाळ कोसळतंय?"

"तुमच्या बसचा ब्रेक दोन बोटं उशिरा लागला असता तर?"

तो म्हणाला, "म्हणजे न्हाव्याला आता काय सांगू?"

"केस काप म्हणावं."

तिन्ही खेपा झाल्या. ताई आकडे सांगत गेल्या, बाई लिहीत गेल्या. शेवटी नंबरांवरचे कागद काढले. कुठे राऊटरकडचं वर्तुळ अर्ध्या मिलीमीटरनं मोठं, कुठे दुसरीकडचं. आधीचा फरक साफ नाहीसा झाला होता.

"म्हणजे लहरींचा काहीच परिणाम नाही," बाई म्हणाल्या.

"असंही म्हणू नका. या जंतूवर, या औषधाला, एवढ्या दिवसांत, आपल्याला दिसला नाही. तेवढंच म्हणा."

बाईंनी परिषदेला कळवलं. निबंध बदलून वाचायला परवानगी मिळाली. बाई टंकायला बसल्या, ताई शेजारी खुर्ची ओढून.

"पहिल्या चार खेपांत प्लेटा भरताना जाडी कमी-जास्त झाली, असं लिहिते," बाई म्हणाल्या. "कुणाकडून, ते नको."

"लिहा ना. माझं नाव खाली आहेच की."

"ताई, सव्वीस वर्षांनी पहिलं नाव, आणि तेही अशा वाक्याजवळ?"

"मग कुठल्या वाक्याजवळ हवं होतं? त्या खोट्या तीन मिलीमीटरजवळ?" ताईंनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. "आणि नुसतं जाडी बदलली म्हणून कुणाला काही कळायचं नाही. जेली वाया जाऊ नये म्हणून उरलेली शेवटच्या प्लेटांत ओतली, असं स्पष्ट लिहा. माझ्यासारख्या काटकसरी बायका आणखी कितीतरी प्रयोगशाळांत असतील."

बाईंनी लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"'थोडी' खोडा. किती ते लिहा. प्रत्येक प्लेटमध्ये अकरा मिलीलीटर जास्त."