एकशे एकावन्न नंबरचं झाड

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या एकाहत्तर वर्षांत पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत मी जेवढी माणसं पाहिली, त्यांत छातीच्या गोळीला माझ्या साडभावाइतकं कोणी छळलं नाही. लोक बिमारीनं हैराण होतात; हा माणूस असा की बिमारीच त्याच्यापायी हैराण झाली. डॉक्टर गोळी लिहून देतो, आपण पाण्याच्या घोटासोबत गिळतो, विषय संपला. साडभावाचा विषय तिथून सुरू व्हायचा. गोळी कोणती यावर त्याचं काही म्हणणं नव्हतं. ती किती वाजता घ्यायची यावर मात्र त्यानं चार वर्षं असा काथ्याकूट केला की तेवढ्यात दुसरा माणूस वकील होऊन आला असता.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नात्यानं मी मोठा, वयानं तो दोन वर्षांनी मोठा. त्यामुळं आमच्यात कोणी कोणाचं ऐकायचं हे आजवर ठरलेलं नाही. तो मॅट्रिक, मी तिसरी. त्याचा संत्र्याचा बगीचा बापानं लावलेला, अन् मी उभी जिंदगी लोकांच्या बगीच्यांत ओलीत केलं; फावडं घेऊन पाण्याच्या दांडावर उभा राहिलो. म्हणजे कागद त्याच्याकडं आणि झाड माझ्याकडं. हे मी त्याला चारचौघांत ऐकवत असे. तो नुसता हसायचा आणि म्हणायचा, "तिसरीच्या वर्गात संत्रा नव्हता का जी?"

लोधीखेड्याच्या रस्त्यावर त्याची दीडशे झाडं आहेत. प्रत्येकाच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा आणि पट्ट्यावर गेरूनं नंबर. झाडांना तो नंबरानंच ओळखतो. सत्तावीस रुसलं आहे, नव्वद माजलं आहे, बारा नंबर आपल्या मायवर गेलं आहे, असं तो सोयऱ्याधायऱ्यांसारखं बोलतो. नागपूरच्या डॉक्टरनं ज्या दिवशी त्याला सांगितलं की तुमच्या हृदयाचा पंप कमजोर झाला आहे, त्या दिवशी बसमधून उतरून, पाय धुऊन त्यानं बायकोला जाहीर केलं की आजपासून बगीच्यात एक झाड वाढलं. नंबर एकशे एकावन्न. ते म्हणजे हा स्वतः. तेव्हापासून त्याची बायको, म्हणजे माझी साळी, जेवायला बोलवायची तर पडवीतून उत्तर यायचं, "एकशे एकावन्नले आज भूक नाही."

पहिल्या वर्षी त्यानं गोळी मोटरीच्या लाइनीला बांधली. आमच्याकडं वावरातली लाइन, म्हणजे वीज, एक हप्ता दिवसा येते, एक हप्ता रात्री. लाइन आली की मोटर, मोटर चालली की झाडाला पाणी, तर मग दीडशे झाडांना पाणी मिळतं तेव्हाच एकशे एकावन्नलाही मिळालं पाहिजे, असा त्याचा हिशेब. म्हणजे या हप्त्यात गोळी सकाळी दहाला, पुढच्या हप्त्यात सारं गाव झोपल्यावर. एकदा डीपी जळाली तर दोन दिवस बगीचाही कोरडा आणि साडभाऊही कोरडा. डॉक्टरनं विचारलं, रोज ठरलेल्या वेळेला घेता ना? यानं छाती काढून सांगितलं, "सरकारच्या टायमानं घेतो."

दुसऱ्या वर्षी उन्हात पाणी द्यायचं नसते म्हणून दुपार बाद झाली. मग संध्याकाळ बसवली, तर संध्याकाळी मुळं सुस्त राहतात अशी शंका निघाली. मग त्यानं लोकांची मतं घेणं सुरू केलं. लोधीखेड्याच्या एका लग्नात हा अक्षता हातात धरून पंगतीपंगतीनं फिरला आणि पन्नाशीवरच्या प्रत्येक माणसाला, तुम्ही छातीची गोळी कितीले घेता, असं विचारत सुटला. ज्यांना छातीचा काहीच त्रास नव्हता त्यांनाही त्या दिवशी बारीक कळ यायला लागली. नवरीचा मामा जेवता जेवता उठून गेला. अक्षता शेवटी याच्या खिशात घरी आल्या. अन् लघवीची जी गोळी सकाळी घरी घ्यायची, ती त्यानं एकदा नागपूरच्या बसमध्ये बसल्यावर घेतली. म्हणे प्रवासात रक्त हलते, औषध चांगलं पसरते. सावनेर येईपर्यंत बस तीनदा थांबली. चौथ्यांदा कंडक्टरनं त्याला दरवाज्यापाशी आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः नागपूरपर्यंत उभा गेला.

आता माझं सांगतो. माझ्याही हृदयाच्या नळीत जाळी बसवलेली आहे. पण माझी गोळी पहाटे पाचला म्हणजे पाचला. सात वर्षांत एक दिवस इकडचा तिकडं नाही. घड्याळ लागत नाही, गजर लागत नाही. ओलीत करणाऱ्या माणसाचे डोळे पाचला आपोआप उघडतात. बायको म्हणते सूर्य एखाद्या दिवशी उशीर करेल, हा नाही करणार. तेव्हा गोळीची खरी वेळ कोणती हे मला ठाऊक होतं, आणि ते मी साडभावाला भेटेन तिथं सांगत होतो. लग्नात सांगितलं, मौतीत सांगितलं, तिगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना सांगितलं. तो म्हणायचा, "पाचले कोंबडे उठतात. माणसाची नाडी अकराले उठते." सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून एकदाच सांगितलं होतं की तुमच्या या गोळ्यांना सकाळची कोणतीही वेळ चालते, फक्त रोज तीच पाहिजे, आणि जी वेळ माणूस चुकत नाही तीच त्याची चांगली वेळ. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, पाहा, बाई माझ्या बाजूनं बोलल्या. तोही त्याच क्षणी तेच म्हणत होता.

असं हे भांडण हसतखेळत चाललं असतं. पण बावीस सालच्या डिसेंबरात साळीचा फोन आला. ती बाई कधी तक्रार करत नाही. हळूच म्हणाली, "भाऊजी, हे बारा दिवसांपासून एकही गोळी नाही घेऊन राहिले. ताण देऊन राहिलो म्हणतात. पाय सुजले, चप्पल नाही जाऊन राहिली."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. संत्र्याचा ताण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबिया बहार धरायचा असला की थंडीत महिनाभर झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड मरते की काय असं वाटतं. मग पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी असं लदबदते की खाली उभ्या माणसाला वासानं भोवळ यावी. हा ताण साडभावानं स्वतःला दिला होता. रोज गोळी खाऊन एकशे एकावन्नला सवय पडली, आता महिनाभर तोडू, मग पहिल्या गोळीलाच बहार येते की नाही पाहा, असं त्याचं शास्त्र. आणि दीडशे झाडं त्या वेळी ताणावरच होती, म्हणून मुहूर्तही त्याला बरोबर वाटला.

पुढच्या बसनं मी पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो. रस्ताभर भाषण जुळवत होतो. घरी गेल्यावर कळलं, साहेब बगीच्यात आहेत. तिथं गेलो तर खाटेला पाठ टेकून बसलेला, पाय समोर पसरलेले, फुगून वरून चकचकीत झालेले. चार वाक्यं बोलला की श्वास घ्यायला थांबत होता. मला पाहून म्हणाला, "या. डोळे फुटून राहिले पाहा." फांदीला बहाराआधी डोळे फुगतात तसे आपले पाय फुगले, असं तो मला समजावून सांगत होता. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. जुळवलेलं भाषण कुठं गेलं मला कळलं नाही. आणि एक कळलं, की मी आता पाच वाजताचं नाव काढलं तर हा माणूस हट्टानं आणखी बारा दिवस काढेल, आणि बारा दिवस त्याच्याजवळ नाहीत.

म्हणून म्हटलं, चला, बगीचा तरी दाखवा. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला. पाच-सात झाडं झाली की थांबायचा, झाड पाहतो आहे असं दाखवायचा आणि दम घ्यायचा. मीही त्या झाडाकडं पाहत उभा राहायचो. सगळीकडं आळी कोरडी खटक, भेगा पडलेल्या. विहिरीजवळ एकेचाळीस नंबर होतं. त्याच्या बुंध्याला डिंक्या लागला होता, साल फुटून डिंक ओघळत होता. साडभावानं ती जागा खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लावला होता. आणि त्या एका झाडाचं आळं ओलं होतं. मी वाकून माती हातात घेतली. गार होती, सकाळीच पाणी दिलेलं.

मी विचारलं, सारा बगीचा ताणावर अन् याले काहून पाणी?

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की शाळेतल्या मास्तरनंही कधी पाहिलं नसेल. म्हणाला, "सारी उमर तुमची बगीच्यात गेली ना जी? बिमार झाडाले कोणी ताण देते का? मरून जाईन ते."

मी माती खाली टाकली, हात धोतराला पुसले आणि म्हटलं, "मंग एकशे एकावन्नले काहून देऊन राहिले?"

साडभाऊ एकेचाळीसच्या लेपाकडं वळला. मग त्यानं त्यावरून बोट फिरवलं, जणू तो नीट लागला आहे का पाहत होता. मी जिंदगीत पुष्कळ बगीचे ओलवले, पण असं पाणी बरोबर मुळाशी गेलेलं पहिल्यांदा पाहिलं. तो म्हणाला, "चाला."

"कुठं?"

"डॉक्टरीणबाईकडं. अन् तिथं जास्त बोलू नका."

मी तिथं एक शब्द बोललो नाही. बोलायचं काम बाईंनीच केलं आणि चांगलं केलं. तिनं छाती तपासली, पाय दाबून पाहिले, बोटाचा खड्डा तसाच राहिला तो त्यालाही दाखवला. इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत तिथंच झोपवलं, तोवर लघवीनं बादली भरवली. म्हणाली, आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर नागपूरला न्यावं लागलं असतं, आणि नेऊनही काय सांगावं. उद्या सकाळपासून गोळ्या सुरू, तिसऱ्या दिवशी परत दाखवा. निघताना तिनं विचारलं, किती वाजता घेणार ते आताच ठरवा. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिनं हात जोडले आणि पुढचा पेशंट बोलावला.

घरी अंगणात खाटेवर बसलो. साडभाऊ म्हणाला, "मी घेतो. पण एकटा नाही बदलणार. तुम्ही पाच सोडा, मी अकरा सोडतो." मी म्हटलं सात वर्षांची वेळ मी कोणाच्या बापासाठी सोडत नाही. तेव्हा साळीनं साडभावाच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि आत निघून गेली. गुरांच्या बाजारात असाच सौदा होतो. दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव सांगायचा, बाहेरच्याला कळू द्यायचं नाही. मी पाच बोटं धरली. त्यानं दोनदा पंजा आणि वर एक बोट दिलं. मी सहावर आलो, तो दहावर. बाजारात माझ्याशी सौदा करून कोणी जिंकलेलं नाही, आणि सातच्या पुढं मी जाणार नव्हतो. पण त्याचा हात हातात होता. बोटं सुजलेली, अंगठी मांसात रुतलेली, आणि सारा पंजा त्या आळ्यातल्या मातीसारखा गार. तो पुढचा भाव सांगायच्या आधीच मी पंजा आणि वर तीन बोटं धरली आणि सोडलीच नाहीत.

त्यानंही हात काढला नाही. मग दुपट्टा झटकून म्हणाला, "आठ. पाहा, आठवर आणलं तुमाले." गावात त्यानं हेच सांगितलं. पांढुर्ण्यात मी सांगितलं की अकरावरून खाली ओढला त्याला. दोघंही जिंकलो. आजही बरोबर आठला त्याचा फोन येतो, हॅलो म्हणत नाही, नुसतं विचारतो, "झाली का?" आणि तीन दिवसांनी दाखवायला गेलो तेव्हा सूज उतरली होती, चप्पल पायात गेली होती. त्या बहाराला एकेचाळीस नंबरनंही फुलं धरली, थोडी, पण धरली.

सौदा झाला त्या रात्री मी तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी डोळे पाचलाच उघडले. हात सवयीनं खिशात गेला, गोळी बोटांत आली, मी ती परत ठेवली. तीन तास काय करावं सुचेना. अंगावर शाल घेऊन बगीच्यात चालत गेलो, एकेचाळीसच्या आळ्यात दोन बादल्या पाणी टाकलं आणि परत आलो. ओट्यावर साडभाऊ उन्हात बसला होता, समोर पाण्याचे दोन गिलास भरून ठेवलेले. आठ वाजले. नात्यानं मोठा मी, पण मी थांबलो. त्यानं गोळ्या जिभेवर ठेवल्या, पाणी प्यायला, मान वर केली. त्याच्या गळ्याखाली त्या उतरल्या हे पाहून घेतलं, आणि मग मी माझी तोंडात टाकली.