बादली थांबवायची नाही

चालून चालून माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि प्रीतीला मात्र हसू आवरत नव्हतं. हातात पाण्याने भरलेली तांब्याची बादली, आणि चाल ही भरभर! मी मागून ओरडले, "अगं, सांडेल!"

"सांडू द्या ताई, थांबायचं तेवढं नाही!"

प्रीती मेश्राम मूळची नागपूरची. तेव्हा, म्हणजे २००९ साली, कॅनडात विनिपेगला आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. शहराला पाणी पुरवणाऱ्या सरोवराचं पाणी कुणाला, किती, याचा कॉम्प्युटरवर नकाशा, मॉडेल करणं हे तिचं काम. त्या नकाशात शहर होतं, कारखाने होते. काठावरची मूळ रहिवाशांची वस्ती मात्र नव्हती. तिथे प्यायचं पाणी ट्रकने यायचं. "ज्यांच्या दारात सरोवर, त्यांनाच कुणी विचारलं नाही ताई," म्हणत ती तिथल्या बायकांना ऑफिसच्या मीटिंगला बोलवायला गेली. त्यांच्यातल्या थोरल्या मार्लीन आजी म्हणाल्या, "आधी आमच्याबरोबर चाल. मग बघू."

त्यांची रीत अशी, की वसंतात बायकांनी सरोवराचं पाणी घेऊन काठाकाठाने चालायचं. दिवस मावळेपर्यंत बादली थांबता कामा नये. हात बदलायचे तेही चालता चालताच. मी आपली सोबतीला गेले. ती भरलेली बादली बघून माझे हात आपोआप जोडले गेले.

"ताई, आरती नका सुरू करू हं!" प्रीती म्हणाली. मग एकदम, "माझ्या आजीला गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते. आणि आज बघा!" असं म्हणून पुन्हा खुदखुदायला लागली.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. साहेब! हात अडकलेले, थांबायची सोय नाही. मी फोन काढून तिच्या कानाशी धरला आणि खेकड्यासारखी आडवी चालू लागले. बायका हसून हसून बेजार.

"मंगळवारी वस्तीतर्फे एकीनेच यावं म्हणतात. एकच खुर्ची आहे," प्रीतीने आजींना सांगितलं.

"मग तिच्यावर साहेबांनाच बसू दे," आजी म्हणाल्या. "ज्या चालल्या त्या सगळ्या येतील, नाहीतर कुणीच नाही."

प्रीतीचं हसू विरलं. आजी नाहीत तर नकाशात वस्ती नाही. तिने फोनकडे तोंड नेलं. "सर, सगळ्या येतायत. खुर्च्यांचं मी बघते." पलीकडून कुरकुरत होकार आला, तशी ती बादलीसकट नाचायचीच बाकी राहिली.

"देवा! आणणार कुठून आहेस गं?" मी विचारलं.

"गणपतीच्या घडीच्या खुर्च्या तुमच्याच गॅरेजमध्ये असतात ना? मंगळवारी व्हॅनमध्ये घालून आणाल, ताई? आणि एक जास्तीची आणा. तुम्हीही चाललात."