गाठीभोवती जमलेली फौज

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर आमचे हे विचारतात, "कोणाला?" तंबाखू ठेवायची ती गालातली जागा, तिथला छाला महिनोन्‌महिने भरत नव्हता. तरी म्हणे, कोणाला.

"तुम्हालाच, काका."

मग त्यांनी बायॉप्सीचा रिपोर्ट समजावला. बायॉप्सी मतलब छाल्याचा जरासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. "छाल्याखालच्या कॅन्सरच्या गाठीभोवती लिम्फोसाइट पुष्कळ जमलेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शरीराचे सैनिकच समजा. लक्षण चांगलं आहे. पण ऑपरेशन लवकर करू. जबड्याचा थोडा भाग जाईल."

शेवटचं ह्यांनी ऐकलंच नाही. माझे सासरे महूला पलटणीत होते, सैनिक म्हटलं की ह्यांची मान ताठ. परत येताना टेंपोत सगळ्यांना सांगून झालं, "अपनी फौज पहुँच गई है भिया, आता कापाकापी कशाला?"

मी रोज समजवायची, हे रोज टाळायचे. ह्यांची मिल बंद पडली होती, तरी सकाळी उठून गेटवर धरण्याला जाऊन बसायचे. मिल चालू होईल म्हणायचे, आणि गालही बरा होईल म्हणायचे.

एक दिवस ह्यांच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागली. तेव्हा मात्र मी ऐकलं नाही, ओढतच नेलं. ओपीडीच्या बाकावर नंबर येईस्तोवर माझे पाय सुजले. आत गेल्यावर ह्यांनी उलट डॉक्टरीणबाईंनाच जाब विचारला, "तुमची फौज करतेय काय?"

"बसलीय, काका," त्या शांतपणे म्हणाल्या. "गाठ लबाड असते. ती असे रस सोडते की ह्या पेशी सुस्त पडतात. काहींना तर आपल्याकडे वळवून घेते, मग त्याच बाकीच्यांना आवरतात. जमल्यात खूप, लढतायत थोड्या. म्हणून बाहेरून मदत लागते."

हे खाली बघत म्हणाले, "गेटवर आमचं हेच चाललंय. आम्ही बाहेर बसलोय आणि आतून मालक मशीनं उचलून नेतायत. आमच्यातलेच दोघं सांगतात, शांत रहा." मग म्हणाले, "कापा."

ऑपरेशन झालं. मग रेडिएशन, आमच्याकडे सिकाई म्हणतात. तोंड आतून सोलून निघालं, थुंकी आटली, नाकातल्या नळीनं पातळ पातळ घालायची मी. मी खूप थकले हो. आपला माणूस आहे म्हणून थकायचं नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दुपारी पडून घ्या.

आणि डॉक्टर 'शरीर लढतंय' म्हणाले, तर तेवढ्यावर खूश होऊन घरी येऊ नका. पुढचं विचारा, ऐका.

आता वॉर्डात कोणी ऑपरेशनला नाही म्हणालं की डॉक्टरीणबाई ह्यांना बोलावतात. त्यांचे उपकार आहेत, म्हणून आम्ही जातो. जबडा कापल्यापासून ह्यांचं बोलणं नव्या माणसाला कळत नाही. कापल्यावरही माणूस जगतो, जेवतो, एवढं दिसावं म्हणून हे गालावरचा रुमाल काढून त्याच्यासमोर बसतात आणि मी डब्यात नेलेला दलिया खातात. निम्मा बाहेर सांडतो. मी पुसत राहते. तो माणूस बघत राहतो, ह्यांचा डबा संपेपर्यंत.